कुंडीतला वाफसा

यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकी, उमरखेड किंवा पैनगंगेपलीकडच्या हिमायतनगरच्या बाजारात हातगाडीवर मांडलेल्या शोभेच्या रोपांना त्यांचं गाव विचारता आलं असतं, तर बऱ्याच जणांनी एकच नाव सांगितलं असतं: कडियम. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ, गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या माथ्याशी हा रोपवाटिकांचा मुलूख आहे. पुण्याजवळच्या उरुळी कांचन भागातूनही माल येतो, पण आपल्याकडच्या टेम्पोंत कडियमची रोपं हमखास असतात. पैनगंगेकाठच्या माणसाला यात एक गंमत दिसावी. आपली पैनगंगा पुढे वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत उतरते. तेच पाणी राजमहेंद्रीच्या खाली धवलेश्वरमच्या बंधाऱ्याला अडतं आणि कालव्यांनी त्या टापूत पसरतं. सर आर्थर कॉटन यांनी तिथला मूळ बंधारा १८५२ साली पुरा केला. म्हणजे आपल्याच शिवारातून वाहून गेलेलं पाणी रोप होऊन, ट्रकमधून सहा-सातशे किलोमीटरचा उलटा प्रवास करून परत येतं.

पाणी परत आलं तरी सोबत तिथली हवा येत नाही. सगळी अडचण इथूनच सुरू होते.

कडियमची हवा समुद्राजवळची, दमट. रोप तिथे हिरव्या शेडनेटखाली वाढलेलं असतं, म्हणजे निम्मं किंवा त्याहून जास्त ऊन जाळीनंच अडवलेलं. पाणी वेळच्या वेळी आणि शेजारी हजारो रोपांची दाटी, त्यामुळे पानांभोवती कायम ओलावा. तिथून उचललं की ते दोन दिवस ताडपत्रीखालच्या अंधारात असतं, मग हातगाडीवर भर उन्हात, आणि शेवटी आपल्या बैठकीत टीव्हीच्या बाजूला. आठ-दहा दिवसांत चार वेगवेगळ्या हवा त्याच्या वाट्याला येतात. चौथ्या-पाचव्या दिवशी खालची दोन पानं पिवळी पडतात आणि घरात एकच सूर निघतो: पाणी कमी पडलं. लगेच तांब्याभर पाणी. दोन दिवसांनी आणखी एक पान पिवळं, आणखी तांब्याभर पाणी. नवी रोपं बहुतेक घरांत याच क्रमानं मरतात.

पान पिवळं का पडतं, हे आधी कळलं पाहिजे. पान तयार होत असताना त्याला जेवढा उजेड मिळतो त्या मापानं त्याची जाडी, त्यातल्या पेशींचे थर आणि हरितद्रव्याची मांडणी ठरते. एकदा पूर्ण उमललेल्या पानाला ही बांधणी फारशी बदलता येत नाही. उजेड एकदम कमी झाला, तर त्या पानाच्या कमाईपेक्षा त्याचा खर्च जास्त होतो. अशा वेळी झाड हिशेबी कास्तकारासारखं वागतं: जुन्या पानातलं नत्र काढून घेतं, पान गाळून टाकतं आणि नव्या उजेडाच्या मापाचं नवं पान करायला घेतं. म्हणून पहिल्या तीन-चार आठवड्यांत खालची दोन-चार पानं गेली तर घाबरायचं कारण नाही. शेंड्याची कोवळी पानं काळी पडू लागली किंवा खोड बुडाशी मऊ लागलं, तर मात्र लक्ष द्यावं.

खरेदी कधी करावी याचं उत्तर पंचांगात आहे. मृगाचा पाऊस पडून आर्द्रा लागली की हवेत ओल येते, ऊन सौम्य होतं; तेव्हापासून दिवाळीपर्यंत आपल्याकडे आणि कडियमला हवेत त्यातल्या त्यात कमी फरक असतो. मार्च ते मे या काळात रोप विकत घेऊ नये, कितीही स्वस्त मिळालं तरी. नवतपात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की धुतलेली सतरंजी तासाभरात वाळते. त्या हवेत दमट मुलखातून आलेलं पातळ पान मुळांना पुरवता येणार नाही एवढं पाणी उडवून बसतं.

घरी आणल्यावर पहिले पंधरा दिवस रोपाला एकाच जागी ठेवावं, आणि ती जागा शक्यतो ओसरी किंवा व्हरांडा असावी. आपल्याकडच्या घरांत ओसरी ही रोपांसाठी सगळ्यात चांगली जागा आहे: वर छप्पर, समोर मोकळं, सकाळचं कोवळं ऊन तासभर आणि दुपारी सावली. ओसरीवर टीन असेल, तर उन्हाळ्यात टिनाखाली दोन-तीन हात अंतर सोडून खाली ठेवावं, कारण तापलेला पत्रा वरून भट्टीच लावतो. बैठकीतला कोपरा आपल्याला उजेडाचा वाटतो तो डोळ्यांच्या करामतीमुळे. आपली बाहुली उजेड कमी झाला की मोठी होते, मेंदूही जुळवून घेतो, आणि खोली छान उजळलेली दिसते. उजेड मोजायचं यंत्र तसं फसत नाही. भर दुपारी अंगणात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, ओसरीच्या सावलीत काही हजार, आणि खिडकीपासून सात-आठ फूट आत कोपऱ्यात शंभर-दोनशे. अंगण आणि कोपरा यांत पाचशे-हजार पटींचा फरक आहे, आणि झाड त्या उजेडावरच जेवतं. यंत्र नसेल तर दुपारी रोपाच्या वर हातभर उंचीवर पंजा धरावा. सावली रेखीव पडली तर उजेड भरपूर, कडा पुसट दिसल्या तर मध्यम, आणि सावलीच पडली नाही तर ती जागा फक्त प्लास्टिकच्या फुलांना योग्य आहे.

आता पिशवी उघडू. काळी पॉलिथिनची पिशवी ब्लेडनं उभी चिरली की आत लालसर चिकण मातीचा गोळा निघतो. दूरच्या वाहतुकीत माती सांडू नये, मुळं सुटू नयेत म्हणून रोपं अशा चिकट मातीत भरलेली असतात. तो गोळा ओला असेपर्यंत ठीक असतो. एकदा वाळला की विटेसारखा टणक होतो आणि आकसतो, त्याच्या आणि पिशवीच्या मधे बोटभर फट पडते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि छिद्रातून बाहेर येतं. बघणाऱ्याला वाटतं, मुळांपर्यंत भरपूर पाणी पोचलं. गोळ्याच्या पोटात बोट घालायला जा, नख वाकेल पण माती हलणार नाही. ही अवस्था ओळखायची सोपी खूण म्हणजे वजन: पाणी घालूनही पिशवी उचलली तर हलकी लागते. उपाय असा की बादलीत पाणी घेऊन पिशवीसकट रोप त्यात बुडवून ठेवायचं, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मग काढून निथळू द्यायचं. कुंडी लगेच बदलायची घाई करू नये. जागा बदलल्याचा धक्का आणि मुळं उघडी पडल्याचा धक्का एकाच आठवड्यात नको. दोन-तीन आठवड्यांनी, नवं पान दिसू लागलं की, पावसाळी ढगाळ दिवशी कुंडी बदलावी. त्या वेळी गोळ्याच्या बाहेरची माती ओल्या हातानं हळूहळू सोडवून काढावी, मधला गाभा शाबूत ठेवावा. बाहेरचा लाल थर तसाच ठेवून भोवती भुसभुशीत माती भरली, तर मुळं गोळ्यातच फिरत बसतात आणि बाहेर यायचं नाव घेत नाहीत.

पाण्याचा प्रश्न ढाणकीच्या माणसाला खरं तर कुणी शिकवायला नको. शेतात वखर कधी घालायचा हे तो वाफसा बघून ठरवतो. जमीन ओलीचिंब असताना वखर घातला तर पासेला माती चिकटून येते आणि ढेकळं निघतात. फार वाळली की पास आत शिरत नाही. मुठीत माती दाबून गोळा करायचा, खाली टाकल्यावर तो फुटला की वाफसा आला. त्या वेळी मातीच्या कणांमधल्या मोठ्या पोकळ्यांत हवा असते आणि बारीक पोकळ्यांत पाणी. मुळांना दोन्ही लागतं. मुळंही श्वास घेतात, त्यांना प्राणवायू लागतो, आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानानं सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि पिथियमसारख्या बुरशी त्यावर बसतात. मेलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून वरची पानं कोमेजतात. म्हणजे तहानेनं आणि अतिपाण्यानं मरणारं झाड वरून एकसारखंच दिसतं. मान टाकलेलं रोप बघून आधी पाणी घालायचं की आधी मातीत बोट घालायचं, एवढाच नवशिक्या आणि जाणत्या माणसातला फरक आहे.

अतिवृष्टीत तूर उभळते, तेव्हा शेतकरी तिला आणखी पाणी द्यायला जात नाही, सरी फोडून पाणी बाहेर काढतो. तोच माणूस घरच्या कुंडीपुढे मात्र रोज सकाळी तांब्या घेऊन उभा राहतो, कारण विकणारा सांगून गेलेला असतो, "रोज पाणी घालत जा काकू, काही होत नाही." बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. बोटाला ओल लागली, माती चिकटून आली, तर पाणी नको. कोरडी भुसभुशीत लागली, तर द्या, आणि द्यायचं ते खालच्या छिद्रातून निघेपर्यंत भरपूर. खाली ताटली असेल तर अर्ध्या तासानं ती रिकामी करा. दर दोन दिवसांनी, दर चार दिवसांनी असं वेळापत्रक करू नये. जुलैत त्याच मनी प्लँटला आठवडाभर पाणी लागणार नाही आणि मेमध्ये एक दिवसाआड लागेल. स्नेक प्लँट आणि झी-झी प्लँटला तर बोटभर नव्हे, पूर्ण कुंडी वाळू द्यावी. झी-झीच्या मुळाशी बटाट्यासारखे कंद असतात, त्यात तिची साठवण असते. तिला मारायचा एकच खात्रीचा मार्ग म्हणजे तिची काळजी घेणं.

मातीच्या बाबतीत मात्र शेतातलं शहाणपण उलटं पडतं. आपली काळी माती दख्खनच्या लाव्ह्याची देणगी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन ती झाली, आणि तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. शेतात हा गुण सोन्यासारखा आहे. उन्हाळ्यात पडणाऱ्या हातभर खोल भेगा जमिनीला आतून हवा देतात, पहिल्या पावसात वरची माती त्यांत पडून जमीन आपोआप उलथली जाते, आणि ओल खाली धरून ठेवल्यामुळे पराटी पाऊस गेल्यावरही तग धरते. आठ इंचांच्या कुंडीत हाच गुण अवगुण होतो. वरचं पाणी जिरत नाही, खालचं निघत नाही, आणि माती वाळली की आकसताना बारीक मुळं तोडून टाकते. घरची माती फुकट आहे म्हणून कुंडी काळ्या मातीनं भरणं हा आपल्या भागातला दुसऱ्या क्रमांकाचा अपघात म्हणावा लागेल.

मिश्रणात काळी माती घालायचीच तर चौथा हिस्सा, त्याहून जास्त नको. चौथा हिस्सा पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. उरलेला अर्धा भाग माती मोकळी ठेवणाऱ्या वस्तूंचा: जाड रेती, गिट्टीची चुरी, कोकोपीट, कुजलेलं सोयाबीनचं कुटार, जे मिळेल ते. चिमूटभर रेतीनं काळी माती सुधारत नाही, उलट जास्तच घट्ट बसते. रेती घालायची तर सढळ हातानं. कोकोपीटची वीट वापरायच्या आधी दोन-तीनदा पाण्यानं धुऊन घ्यावी, नारळाच्या काथ्यात मुळातच क्षार असतात. शेणखत कच्चं असेल तर त्यातून हुमणी येते आणि कुंडीतल्या कुंडीत मुळं कुरतडते. मातीशिवाय झाडं वाढवायचा विचार महाराष्ट्रात नवा नाही. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर आणि त्यांचा प्रयोग परिवार, आणि त्यांच्या विचारातून पुढे मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी केलेली नागरी शेती, यांत उसाचं पाचट-चिपाड आणि घरचा ओला कचरा यांवरच झाडं उभी केली गेली. उमरखेड तालुक्यात ऊस आहे, हळद आहे, सोयाबीन तर सगळीकडे. कुंडीत भरायला कुजलेलं काडीकचऱ्याचं खत इथे मुंबईपेक्षा नक्कीच सोपं.

कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर घातला की पाणी छान निचरतं, हा समज जवळजवळ प्रत्येक घरात आहे आणि तो चुकीचा आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते तिच्यातच लोंबकळून राहतं. तळात थर घातला की तो ओला पट्टा उलट मुळांच्या जवळ वर सरकतो. छिद्रावर एक खापरी ठेवावी, माती वाहून जाऊ नये म्हणून, बस. कुंडी कुंभाराकडची घेतली तर पाणी जास्त घालणाऱ्याला ती सांभाळून घेते, कारण भिंतीतूनही पाणी उडतं आणि मुळं थंड राहतात. विसराळू माणसानं प्लास्टिकची घ्यावी.

पाणी किती याइतकंच ते कुठलं, हेही आपल्या जिल्ह्यात बघावं लागतं. बोअरचं पाणी जड असतं. कुंडीच्या कडेवर, मातीवर पांढरा थर जमू लागला की समजावं, क्षार साठताहेत. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि पानांची टोकं तपकिरी, कडक होतात. यवतमाळ जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत भूजलात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आढळलेलं आहे, आणि स्पायडर प्लँट व ड्रॅसिना ही रोपं फ्लोराइडबाबत फार नाजूक आहेत. त्यांची टोकं आधी जळतात. पाणी रात्रभर बादलीत ठेवलं की क्लोरीन उडतो, पण क्षार आणि फ्लोराइड तसंच राहतं, त्यामुळे त्या उपायाचा बोअरच्या पाण्याला उपयोग नाही. पावसाळ्यात पन्हाळीखाली ड्रम ठेवून धरलेलं पाणी सगळ्यात उत्तम. महिन्या-दीड महिन्यातून एकदा कुंडी मोरीत नेऊन तिच्यातून असं भरपूर पाणी आरपार जाऊ द्यावं, साठलेले क्षार धुऊन निघतात. आरओच्या यंत्रातून बाहेर फेकलेलं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून झाडांना घालतात, पण त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. त्यानं फरशी पुसावी. कूलरच्या टाकीचंही तेच: दिवसभर पाणी उडत राहतं, तळाशी उरतं ते घट्ट झालेलं खारं पाणी. हंगाम संपल्यावर ती टाकी कुंड्यांत ओतू नये. कूलर स्वतः मात्र रोपांचा मित्र आहे. ज्या खोलीत तो चालतो तिथली हवा मेमध्येही ओलसर राहते. रोप त्याच्या झोताच्या थेट समोर नको, बाजूला चार-पाच हातांवर ठेवावं.

कीड ओळखण्यात कापूस पिकवणाऱ्या घरांचा हात कुणी धरणार नाही. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी ही नावं इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. घरातल्या रोपांवर याच मंडळींची भावंडं येतात. त्यात सर्वांत चिवट पिठ्या ढेकूण. २००५ नंतरच्या काही वर्षांत देशभर कपाशीवर त्याचा उद्रेक झाला तो अनेकांना आठवत असेल. जास्वंद ही कपाशीच्याच कुळातली, त्यामुळे बाजारातून आणलेली जास्वंद आधी उलटीसुलटी करून पाहावी: पानाच्या बेचक्यात, देठाशी, कापसाच्या बोळ्यासारखं पांढरं काही दिसतं का. नवं रोप कुठलंही असो, दोन आठवडे जुन्या कुंड्यांपासून दूर ठेवावं. पिठ्या दिसलाच तर ओल्या फडक्यानं पुसून काढावा, लिटरभर पाण्यात चमचाभर सौम्य साबण आणि तेवढंच निंबोळी तेल घालून फवारावं, आठवड्यानं पुन्हा, कारण अंड्यांतून नवी पिल्लं निघतात. तुळस, गवती चहा, ओव्याचं पान असं जे आपण तोंडात घालतो, त्यावर नुसतं पाणी मारावं.

शेतासाठी आणलेल्या औषधाची बाटली घरात वापरायचा मोह इथे सगळ्यात जास्त, कारण ती कोठीत असतेच. २०१७ च्या पावसाळ्याच्या शेवटी याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली, वीसच्या आसपास माणसं गेली आणि सरकारला विशेष चौकशी पथक नेमावं लागलं. मोकळ्या शेतात, वाऱ्यावर हे झालं. बंद खोलीत, जिथे पोरं जमिनीवर खेळतात आणि रात्री सगळे झोपतात, तिथे ते औषध एक थेंबभरही नको. कीड आटोक्यात येत नसेल तर रोप उपटून जाळावं. चाळीस-पन्नास रुपयांचं रोप आहे.

रोप विकणारा सहसा दोन गोष्टी सांगतो. एक, ही झाडं घरातली हवा शुद्ध करतात, नासानं सांगितलंय. दोन, स्नेक प्लँट रात्री ऑक्सिजन देतं. पहिल्या गोष्टीचं मूळ खरं आहे: १९८९ साली नासासाठी बी. सी. वॉल्वर्टन यांनी झाडांवर प्रयोग केले, पण ते हवाबंद पेटीत. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वेअरिंग यांनी अशा सगळ्या प्रयोगांचा हिशेब मांडला. दार-खिडक्यांतून वाहणारी हवा जेवढी सफाई करते, तेवढी झाडांकडून करून घ्यायची तर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लावावी लागतील. आपल्या घरांत दारं दिवसभर उघडी असतात, तेव्हा या कामासाठी झाडाची गरजच नाही.

दुसरी गोष्ट जास्त मजेदार आहे. स्नेक प्लँट, कोरफड, पानफुटी ही झाडं कोरड्या मुलखाच्या सवयीची. पाणी वाचवायला ती पानांची छिद्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात, दिवसा उजेडात त्यावर काम करतात. प्राणवायू तयार होतो तो उजेडातच. याची पहिली नोंद चवीवरून झाली. पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारी बेचव, हे बेंजामिन हाइन नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं भारतातच चाखून पाहिलं, आणि ती नोंद १८१५ साली लंडनला छापून आली. हा गृहस्थ पूर्वी सामलकोटच्या कंपनीच्या बागेत कामाला होता. ते गाव कडियमपासून फार दूर नाही. पानफुटी आपल्याकडे कुंपणाला असतेच. चाखून खात्री करायला नासा लागत नाही.

पहिलं झाड कुठलं घ्यावं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर मनी प्लँट आहे, आणि तेही शक्यतो विकत न घेता. चोरून आणलेला मनी प्लँट चांगला वाढतो अशी एक समजूत आहे. त्यातला चोरीचा भाग सोडला तर तिच्यात तथ्य आहे. शेजारच्या घरातून आणलेली फांदी आपल्याच गावचं बोअरचं पाणी पिऊन, आपल्याच मे महिन्यात होरपळून टिकलेली असते. तिला मुळं फुटतात ती तुमच्या घराच्या उजेडात. कडियम ते ढाणकी हा प्रवासच तिच्या वाट्याला येत नाही. पेरासकट वीतभर तुकडा, पाण्याच्या बाटलीत, दोन-तीन आठवड्यांत मुळं. फुलांची वाट मात्र बघू नये. मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरेआ बेटाचा हा वेल लागवडीत जवळजवळ कधीच फुलत नाही. त्याच्यात जिबरेलिन हे संप्रेरक पुरेसं तयार होत नाही, असं २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. बाहेरून दिल्यावर तो फुलला. नाशिक-सांगलीचे द्राक्ष बागायतदार घड लांबवायला जे 'जीए' वापरतात, तेच हे. घरात रांगतं मूल किंवा दारात शेळी असेल तर वेल उंच टांगावा: तो अळूच्या कुळातला आहे, आणि अळू घशात खाजवतं ते ज्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, तेच याच्याही पानात असतात. डिफनबेकियात तर ते अधिकच.

विकतच घ्यायचं असेल आणि पाण्याचा अंदाज शिकायचा असेल, तर पीस लिली घ्यावी. तहान लागली की ती सगळी पानं एकदम खाली टाकते आणि पाणी दिल्यावर काही तासांत उभी राहते. माती कोरडी असतानाच हे झालं ना, एवढं बोटानं तपासायचं. अरेका पाम मात्र पहिल्या वर्षी नको. मादागास्करचं हे झाड दमट हवेचं, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याची टोकं वाळतातच आणि मालक स्वतःला दोष देत बसतो.

खताची घाई करू नये. नव्या रोपाला पहिले दोन महिने काहीच नको. शेणखताच्या मिश्रणात पुरेसं असतं. कोठीतला युरिया तर अजिबात नको, आठ इंचांच्या कुंडीत चमचाभर युरिया म्हणजे मुळांना चटका. एक नवं पान पूर्ण उमलून जुन्या पानाच्या मापाचं झालं की झाड रुळलं. त्यानंतर पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत वरच्या मातीत मिसळावं, आणि मार्चपासून तेही बंद करावं, कारण उन्हात वाढीला हाकललेलं झाड जास्त पाणी मागतं.

मेमध्ये लग्नांच्या निमित्तानं घर आठ-दहा दिवस बंद राहतं, तेव्हा कुंड्या खिडकीतून काढून न्हाणीघरात किंवा घरातल्या सर्वांत थंड खोलीत, थोडा उजेड येईल अशा जागी, एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात. जायच्या आदल्या संध्याकाळी छिद्रातून निघेपर्यंत पाणी द्यावं, मातीवर कुटाराचा दोन बोटं थर पसरावा. शेजाऱ्यांना किल्ली द्यायची असेल तर सोबत बजावून सांगावं की रोज पाणी घालू नका, चौथ्या दिवशी बोट घालून बघा.